किसनरावांची साप्ताहिक सुट्टी

निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात पंचफुलाबाईंनी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. पट्टीनं रेघा मारून सात रकाने केलेले, आणि डाव्या बाजूला तीन नावं: डोमाजी, माधवी, पंचफुला. सकाळचं दूध, पाण्याची मोटर, भाजी निवडणं, गच्चीवरचे कपडे. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि रोज एक जण स्पेअर.

डोमाजींनी चष्मा लावून तो वाचला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना रांगेत उभं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता स्वतः रांगेत उभं राहायची त्यांची तयारी नव्हती.

"मंगळवारी मी स्पेअर हावो," ते म्हणाले. "म्हणजे काय करायचं?"

"तयार होऊन बसायचं."

"कायच्यासाठी?"

"कोनी गैरहजर राह्यलं तर."

"घरात तीन मानसं हाये, पंचफुला."

त्यांनी कागद फाडला नाही. सभ्य माणूस. फक्त उत्तरपत्रिका तपासायचं जुनं लाल पेन काढून त्यावर तिरपं 'नामंजूर' लिहिलं आणि खाली तारीख घातली.

पंचफुलाबाईंचा दोष नव्हता. एसटीच्या अमरावती डेपोत एकतीस वर्षं त्या ड्युटी लावायच्या टेबलावर बसल्या होत्या. बाप रस्त्याच्या गँगमध्ये डांबर टाकायचा. पोरीला त्यानं एकच गोष्ट सांगितली होती, की टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बस. ती बसली, आणि मग उठलीच नाही. पद लिपिकाचं, पगार लिपिकाचा. पण कोणता ड्रायव्हर कोणत्या कंडक्टरबरोबर कोणत्या गाडीवर जाईल हे संध्याकाळी तिच्या पेनातून उतरायचं आणि पहाटे त्याप्रमाणे चारी दिशांना गाड्या सुटायच्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी डिझेलवर चालते. पंचफुलाबाईंना ठाऊक होतं, ती जोडीवर चालते. तापट ड्रायव्हरला थंड कंडक्टर द्यायचा, संथ ड्रायव्हरला चटपटीत. दोघंही बोलके असले तर गाडी थांब्यावरच रमते, आणि दोघंही घुमे असले तर प्रवाशांना वाटतं कोणी तरी वारलंय. ज्याची आई अचलपूरला अंथरुणावर आहे त्याला तिकडची मुक्कामी गाडी. ज्यानं नुकतंच लग्न केलंय त्याला महिनाभर मुक्काम नाही. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांनी कधीच केली नाही. कोणाची साप्ताहिक सुट्टी कापली नाही, आणि सुट्टीचा हिशेब कोणाला वाकवू दिला नाही. एकदा किसनराव टेबलासमोर येऊन उभे राहिले. परतवाड्याच्या लाइनीवरचा सगळ्यात वेगवान ड्रायव्हर. रविवार ही त्यांची ठरलेली सुट्टी. पण त्या रविवारी त्यांना जादा ड्युटी हवी होती. मंगळवारी मी स्पेअर होतो, दिवसभर बाकड्यावर बसून काढला, तीच माझी सुट्टी धरा, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाईंनी मानही वर केली नाही.

"स्पेअर म्हणजे सुट्टी नाई, किसनराव. सुट्टीवाला घरी लुंगीवर असते, स्पेअरवाला इथं खाकी घालून. जा."

हे वाक्य पुढे अकोल्यापर्यंत गेलं. तिथं ते नेलं गयासुद्दीनभाईंनी.

गयासुद्दीनभाईंकडे अकोला डेपोतलं हेच टेबल होतं. इकडच्या गाड्या तिकडे आणि तिकडच्या इकडे, म्हणून दोघांचा रोज पहाटे पाच वाजता फोन. अठ्ठावीस वर्षं. त्या फोनवर कोणी कोणाला कधी नमस्कार केला नाही. 'बाई, तुमचा शालिकराम कालपासून इथंच झोपून हाये, पाठवू का ठेवून घेऊ,' अशी थेट सुरुवात. प्रत्यक्ष भेट मोजून चार वेळा झाली असेल. पण एकमेकांच्या माणसांच्या खोडी दोघांना तोंडपाठ. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. फोन मात्र चालूच राहिला. आता त्यावर सोडायला गाडी नव्हती, त्यामुळे ते नुसते भांडायचे.

फ्रिजवरच्या कागदानं घरात दोन दिवस अबोला झाला, तेव्हा माधवीनं मध्ये पडायचं ठरवलं. ती सव्वीस वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिनं आपला जुना फोन आईच्या हातात ठेवला. त्यात एक खेळ होता. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, म्हणून घरात सगळे त्याला राक्षसांचा खेळ म्हणायचे.

"माय, हे सहा राक्षस तुह्ये," ती म्हणाली. "याइले लाव ड्युटी. बाबाले सोड."

खेळ असा. दोघांजवळ सहा-सहा राक्षस. लढाईच्या आधी दोघांनाही समोरच्याचे सहाही दिसतात, नावांसकट. मग प्रत्येकानं गुपचूप चार निवडायचे आणि मैदानात एका वेळी दोघांना उतरवायचं. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी दगडाचा, कोणी वेलीचा. पाणी आगीला विझवतं, आग वेलीला जाळते, वेल पाणी पिऊन टाकते. चारही पडले की हरलात.

माधवीच्या फोनवर तिचे स्वतःचे सहा होते. सहाही आग ओकणारे, सहाही देखणे, आणि ती दहातल्या सात लढाया हरायची. पंचफुलाबाईंनी ते एकदा पाहिले.

"सहाच्या सहा ड्रायव्हर घेतले तुनं," त्या म्हणाल्या. "मंग तिकीट कोन फाडते?"

आठ दिवस त्या एकही लढाई खेळल्या नाहीत. नुसतं वाचलं. कोणाचा वेग किती, कोणाचं कातडं किती जाड, कोण कशाला घाबरतो, कोणाला कोणाशेजारी उभं केलं की तो अचानक शहाण्यासारखा वागतो. एका दोनशे पानी रजिस्टरात प्रत्येकाचं पान उघडलं, जसं नव्या कर्मचाऱ्याचं सर्व्हिस बुक उघडतात. आणि मग माणसं निवडली. म्हणजे राक्षस.

पहिला, दगडाचा. चालायला लागला की वाटे बसूनच आहे; पण दहा घाव पचवायचा आणि चेहरा तसाच. त्याचं नाव त्यांनी शालिकराम ठेवलं. शालिकराम डेपोतले सगळ्यात शांत ड्रायव्हर. गाडीपुढे गाय बसली तर हॉर्न न वाजवता ती उठेपर्यंत वाट पाहणारे. दगडाच्या शेजारी हवी होती औषध करणारी. ती सापडली: मशरूमसारखी एक बुटकी बाई, कोणाला मारत नाही, पण शेजाऱ्याची जखम दर फेरीला भरून काढते. ती झाली पार्बताबाई. डेपोच्या कँटीनमध्ये चहा करणाऱ्या पार्बताबाईंनी एका कपावर जेवढी भांडणं मिटवली होती तेवढी युनियननंही मिटवली नव्हती. तिसरा घुबडासारखा पक्षी, पंख झटकले की समोरच्याला झोप येते. त्याचं नाव आपोआपच मोईज. कारण मोईज कंडक्टर गोष्ट सांगायला लागले की अर्धी गाडी डुलक्या घ्यायची आणि लोक आपला थांबा चुकायचे.

आणि चौथा तो. आगीचा, लांब शेपटीचा, वाऱ्यासारखा पळणारा. दोन फटक्यांत समोरच्याला लोळवायचा, आणि दोन फटक्यांत स्वतःही लोळायचा. किसनराव.

उरलेले दोघं, एक वेल आणि एक पाण्यातला बेडूक, नवी भरती. त्यांनी अजून नाव कमावलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी माधवीशी पहिली लढाई खेळली. मोईजनं तिच्या दोन आगवाल्यांना झोपवलं, तेवढ्यात किसनराव येऊन दोघांना आटपून गेले. मग शालिकराम पुढे झाले. माधवीचे उरलेले दोघं त्यांच्यावर आग ओकून ओकून दमले, पार्बताबाई मागून मलमपट्टी करत राहिल्या. सहा मिनिटांत खेळ संपला. माधवी फोनकडे बघत राहिली. पंचफुलाबाईंनी रजिस्टरात चौघांची हजेरी लावली आणि कणीक मळायला गेल्या.

सवयीप्रमाणे त्यांनी त्या सहांनाही सुट्टी लावली. रोज चार लाइनीवर, एक स्पेअर, एक सुट्टीवर. किसनरावांना अर्थातच रविवार.

गयासुद्दीनभाईंना हे फोनवर कळलं तेव्हा ते बराच वेळ हसले. चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं की त्यांची नात उज्मा हाच खेळ खेळते आणि त्यांनीही आपले सहा तयार केलेत. त्यांनी माणसांची नावं नव्हती दिली, गावांची दिली होती. बाळापूर नावाचा किल्ल्यासारखा रुंद राक्षस, आणि पाण्याची एक मोठी मगर, तिचं नाव काटेपूर्णा. काटेपूर्णेनं एक लाट सोडली की आगीचा कोणीही उभा राहत नसे.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग मेळाव्याचं निघालं.

दोन्ही डेपोंच्या निवृत्तांचा स्नेहमेळावा जानेवारीत गुरुकुंज मोझरीला ठरला. एकशे ऐंशी माणसं. स्टँडवर म्हाताऱ्यांना उतरवून घ्यायला कोण, सतरंज्या कोण, चहा कोण, वाढायला कोण, माईकवर कोण. म्हणजे एक दिवसासाठी का होईना, एकशे ऐंशी माणसांना ड्युटी लावायची. ही बातमी कळली त्या दुपारी पंचफुलाबाईंनी कपाटातलं आपलं जुनं पेन काढून त्यात नवी कांडी घातली. ते काम त्यांना हवं होतं. इतकं हवं होतं, की हे कोणाला सांगायचीही लाज वाटावी. घरात दोन माणसं, एक तर नामंजूर लिहिणारा; इतक्या मोठ्या यादीवर पेन टेकवायची संधी पुन्हा येणार नव्हती.

अडचण एवढीच की गयासुद्दीनभाईंनाही तेच हवं होतं.

दोघांनी निवृत्तांच्या मंडळाच्या अध्यक्षांना आळीपाळीनं इतके फोन केले की शेवटी ते वैतागले. तुमचं तुम्ही ठरवा, दोन आठवड्यांत मला एकच नाव कळवा, म्हणाले. पहाटे पाचच्या फोनवर तीन दिवस भांडण झालं. चौथ्या दिवशी गयासुद्दीनभाई म्हणाले, आपण दोघं बोलून कधी काही मिटवलंय का. राक्षसांना लढू द्या. सोमवार ते रविवार, रोज पहाटे पाचला एक लढाई. सातातल्या चार जिंकेल तो यादी लावेल.

सोमवारी पंचफुलाबाई हरल्या, आणि का हरल्या हे त्यांना दुपारपर्यंत कळलं नाही. मग कळलं. गयासुद्दीनभाई राक्षसांशी लढतच नव्हते, नावांशी लढत होते. शालिकरामनं उभ्या आयुष्यात पहाटेची पहिली गाडी घेतली नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून दगडाचा राक्षस दुसऱ्या जोडीत येणार हे त्यांनी ताडलं. आणि खरंच पंचफुलाबाईंनी त्याला दुसऱ्या जोडीत ठेवलं होतं. पहिल्या जोडीत घालायला त्यांचं बोटच वळलं नव्हतं. पार्बताबाई कँटीन सोडून पुढे येणार नाहीत हेही ताडलेलं. अठ्ठावीस वर्षांचा फोन असा उलटला.

मंगळवारी त्यांनी शालिकरामला पहिल्या गाडीवर पाठवलं. मनातल्या मनात माफी मागून. जिंकल्या. बुधवारीही जिंकल्या.

गुरुवारी घात झाला तो बिस्किटानं. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं, ते वाचवायला त्यांनी बोट घातलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पडद्यावर भलतीकडेच टेकला. किसनरावांच्या जागी बेडूक मैदानात गेला. किसनराव दिवसभर बाहेर बसून राहिले. बेडकानं बिचाऱ्यानं जमेल तेवढं केलं. त्या हरल्या. फोनवर गयासुद्दीनभाई म्हणाले, बाई, किसनरावला लपवून ठेवलं वाटते. पंचफुलाबाईंनी ओलं बोट पदराला पुसलं. बिस्किटाचं सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवार त्यांचा, शनिवार गयासुद्दीनभाईंचा. तीन-तीन. तुमची पोरगी कानात सांगून राह्यली, असा त्यांनी आरोप केला. तुमची नातच खेळून राह्यली, असा बाईंनी केला. म्हणून ठरलं की शेवटची लढाई समोरासमोर. आणि एकमेकांच्या गावात जायला कोणीच तयार नसल्यामुळे, मध्यावर, मूर्तिजापूरच्या स्टँडवर.

शनिवारी संध्याकाळी त्या रजिस्टर घेऊन बसल्या. रविवारच्या रकान्यात किसनरावांपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सा. सुट्टी. किसनराव नसले तर घाव पचवणारे शालिकराम होते, मलम लावणाऱ्या पार्बताबाई होत्या, झोपवणारा मोईज होता. वेल आणि बेडूक नवखे; भरवशाचं मारणारं कोणीच नव्हतं. भांडणात सगळेच समजूतदार असले तर भांडण फार छान होतं, फक्त जिंकता येत नाही.

डोमाजी शेजारीच बसून शेंगा फोडत होते. ते म्हणाले, "तो राक्षस हाये न व. त्याले सुट्टी कायची?"

"आज राक्षसाची कापली, की उद्या मानसाची बी कापावं वाटते."

"उद्या तुले मानसं देऊन कोन राह्यलं?"

हे त्यांना लागलं. डोमाजींच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी सोललेल्या शेंगांचे दाणे मुकाट्यानं त्यांच्याकडे सरकवले. दाणे खाऊन झाल्यावर बाईंनी पेन उघडलं. गुरुवारच्या रकान्यात, किसनरावांपुढे जागा कोरी होती. तिथं त्यांनी लिहिलं: सा. सुट्टी. आणि रविवारचं खोडून लिहिलं: लाइनीवर. शेवटी गुरुवारी तो दिवसभर बसूनच होता.

माधवीनं ते पाहिलं. फक्त कप उचलताना जरा जास्त आवाज केला.

मूर्तिजापूरच्या कँटीनमध्ये दोन्ही पक्ष समोरासमोर बसले, लग्न ठरवायला बसतात तसे. इकडे पंचफुलाबाई आणि माधवी, तिकडे गयासुद्दीनभाई आणि उज्मा. गयासुद्दीनभाईंनी दाढीला नवी मेंदी लावली होती. त्यांनी डोमाजीभाऊंची चौकशी केली, बाईंनी भाभींच्या गुडघ्यांची. पाचवी भेट. मग दोन चहा आले आणि दोन्ही फोन टेबलावर उघडे ठेवले गेले. पोरींनी खुर्च्या मागे सरकवायच्या, असं ठरलं.

सहा विरुद्ध सहा दिसले. गयासुद्दीनभाईंनी नजर फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रविवार. त्यांच्या मिशीत काही तरी हललं. काटेपूर्णा त्यांनी बाहेरच ठेवली. विझवायला आगच येणार नसेल तर पाणी कशाला न्यायचं. तिच्याऐवजी त्यांनी दगड फोडणारा घेतला, शालिकरामसाठी, आणि एक वेलीचा.

पंचफुलाबाईंनी पहिली जोडी उतरवली. मोईज, आणि शेजारी शेपूट आपटत किसनराव.

गयासुद्दीनभाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"बाई," ते म्हणाले, "आज इतवार हाये."

"हो."

"किसनरावची सुट्टी."

"भोगली त्यानं. गुरुवारी."

त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि खेळू लागले. खेळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मोईजनं बाळापूरला झोपवलं, किसनरावांनी वेलीचा पहिल्याच फेरीत जाळला आणि दुसरीत झोपलेल्या बाळापूरला आटोपलं. दगड फोडणारा आला तो शालिकरामसाठी तयार होऊन. समोर शालिकराम नव्हतेच. त्यानं किसनरावांना पाडलं खरं, पण तोवर स्वतःही अर्धा जळाला होता. उरलेलं काम वेलीनं आणि बेडकानं केलं, नव्या भरतीनं. उज्माच्या तोंडून एक छोटंसं 'हाय अल्ला' निघालं. गयासुद्दीनभाईंनी फोन पालथा ठेवला आणि चहाचा घोट घेतला. मग हात पुढे केला, मिळवायला नव्हे.

"रजिस्टर दाखवा."

डेपोचा माणूस; त्याचा विश्वास कागदावर. पंचफुलाबाईंनी पिशवीतून रजिस्टर काढून दिलं. गयासुद्दीनभाईंनी पानं उलटली, सोमवारपासून प्रत्येक रकाना बोटानं वाचत गेले. गुरुवारवर बोट थांबलं. खोडलेल्या रविवारवर गेलं, परत गुरुवारवर आलं.

"हे कधी लिहिलं?"

गुरुवारी, एवढं म्हटलं की झालं असतं. कोणाला काय कळणार होतं. माधवी मागे बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती आणि आईकडे मुळीच पाहत नव्हती. पंचफुलाबाईंना एकशे ऐंशी नावं डोळ्यापुढे दिसत होती, एकाखाली एक, सुंदर अक्षरात.

"काल संध्याकाळी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गुरुवारी तो काय होता?"

"स्पेअर."

गयासुद्दीनभाईंनी रजिस्टर मिटलं. स्पेअर म्हणजे सुट्टी नाही, हे वाक्य त्यांनी अठ्ठावीस वर्षांत किमान पन्नास ड्रायव्हरांना ऐकवलं होतं. ते ज्यांचं होतं त्यांना ऐकवायची गरज नव्हती. बाईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला. मेळाव्याच्या नावांची यादी, अध्यक्षांकडून आधीच मिळवलेली, त्यांच्या पेनाची वाट पाहत असलेली. तो त्यांनी टेबलावरून पलीकडे सरकवला. थोडं आढेवेढे घेतील, राहू द्या बाई म्हणतील, असं त्यांना वाटलं होतं. गयासुद्दीनभाईंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहाचे पैसे मात्र स्वतः दिले.

परतीच्या गाडीत माधवी म्हणाली, "माय, जिंकली तर तूच होती."

"खेळ जिंकली," बाई म्हणाल्या, आणि बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर कापसाची रिकामी शेतं बघत राहिल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही घुमे होते. कोणी लावली असेल ही जोडी, असं त्यांच्या मनात येत होतं.

मेळाव्याला जायचंच नाही असं त्यांनी दोन आठवडे म्हणून घेतलं. मग साडी काढली. पण यादीकडे पाहणार नाही, हे ठरवून.

मोझरीला सकाळी चांगलंच ऊन पडलं होतं. मांडवाच्या खांबाला यादी लावलेली होती, गयासुद्दीनभाईंच्या वळणदार अक्षरात, खाली सही. पंचफुलाबाई तिच्यापुढून पहिल्यांदा गेल्या त्या नजर जमिनीला लावून. दुसऱ्यांदा गेल्या त्या जरा हळू. तिसऱ्यांदा चष्मा लावला.

भाताच्या पातेल्यावर किसनराव आणि शालिकराम. एकदा ड्युटी बदलून घेण्यावरून गेली नऊ वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते दोघं, एकाच पातेल्याला. स्वागताच्या भाषणाला मोईज. म्हणजे जेवणाच्या आधीच एकशे ऐंशी माणसं घोरणार. खुर्च्या उचलायला ते चौघं ज्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. आणि चहाला पार्बताबाई. आयुष्यभर जिनं चहा पाजला तिला पहिल्या रांगेत बसवून हातात कप द्यायचा की पुन्हा शेगडीपुढे उभं करायचं? त्या वाचत गेल्या तसतसा त्यांचा श्वास वर चढत गेला. एकाच यादीत नऊ चुका.

गयासुद्दीनभाई मांडवामागे उन्हात खुर्ची टाकून बसले होते. चप्पल काढलेली, मफलर मांडीवर, हातात चहा.

"यादी पाह्यली?" त्यांनी विचारलं.

"हे काय लावून ठेवलं तुमी, गयासभाऊ?"

"चुकलं असन कुठं. वय झालं न आता, बाई." आणि त्यांनी खिशातून पेन काढून पुढे केलं. पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं. बरोबर एक कागदही, रेघा मारलेला, रकाने पाडलेला, कोरा.

पंचफुलाबाई त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या. अठ्ठावीस वर्षं ड्युटी लावलेल्या माणसाच्या हातून एका यादीत एखादी चूक होते. फार तर दोन. नऊ चुका होत नसतात, त्या लावाव्या लागतात, जोड्या जमवाव्यात तितक्याच विचारानं. या माणसाला यादी लावायची नव्हतीच. निदान मूर्तिजापूरपासून तरी नव्हती. त्याला हे ऊन हवं होतं, आणि काम करायला कोणी तरी.

हे सगळं कळूनही त्यांनी पेन घेतलं.

पाऊण तासात मांडव पालटला. किसनराव पाण्याच्या ड्रमवर गेले, शालिकराम भातावरच राहिले, कारण भात वाढायला घाई नको असते. मोईज स्टँडवर गेले, तिथं येणाऱ्या म्हाताऱ्यांना गोष्टी सांगत सावकाश घेऊन यायला. गुडघेवाले चौघं नोंदवहीपुढे बसले. पार्बताबाई पहिल्या रांगेत, आणि त्यांना चहा द्यायला मंडळाचे अध्यक्ष जातीनं. मध्येच किसनराव जवळ आले. सत्तरीकडे झुकलेले, पण चाल तीच.

"बाई, तुमच्या फोनमंधी माह्या नावाचा राक्षस हाये म्हणते. खरं हाये?"

"हाये."

"कसा हाये?"

"घाई करते, आन लवकर पडते."

किसनराव खूश होऊन ड्रमकडे परत गेले आणि पुढचा तासभर भेटेल त्याला ते सांगत राहिले.

जो तो येऊन व्यवस्थेचं कौतुक करून जात होता. गयासुद्दीनभाईंपाशी, अर्थात, सही त्यांची होती. ते डोळे मिटून, छातीवर हात ठेवून ते स्वीकारत होते. पंचफुलाबाईंनी दुरून दोन-तीन जण तसे येऊन जाताना पाहिले. मग नवी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. एकशे एकोणऐंशी नावं लागली होती. शेवटची एक ओळ रिकामी होती.

तिथं त्यांनी लिहिलं: गयासुद्दीन. आणि पुढच्या रकान्यात: भांडी.

यादी खांबाला लावली तेव्हा ते उन्हात चक्क झोपले होते. उठवायला पंचफुलाबाईंनी पार्बताबाईंना पाठवलं. त्यांना नाही म्हणायची छाती दोन्ही डेपोंत कोणाचीच नव्हती.